आरशाने अडवलेले भिंग

जुने भिंग नव्या कॅमेऱ्याला बसेल की नाही, हा प्रश्न सकृद्दर्शनी कारागिराचा वाटतो. लेथवर एक कडे कातून घ्यावे, आटे जुळवावेत, की झाले! रेंजफाइंडर कॅमेऱ्याची उत्तमोत्तम भिंगे डिजिटल एसएलआरवर चढवू पाहणाऱ्यांच्या पदरी मात्र निराशाच आली. तिचे कारण समजून घ्यायचे तर आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल.

१९२५ साली लाइपझिगच्या वसंत-जत्रेत वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्याने लायका कॅमेरा लोकांपुढे ठेवला. ऑस्कर बार्नाक यांनी तो चित्रपटाच्या फिल्मवर बेतला होता. चित्र अवघे २४ बाय ३६ मिलिमीटरांचे. १९३२ साली त्याला भिंगाशी जोडलेला अंतरमापक, म्हणजेच रेंजफाइंडर, मिळाला. या रचनेत पाहण्याची खिडकी वेगळी आणि चित्र घेणारे भिंग वेगळे. भिंग व फिल्म यांच्यामध्ये शटरच्या पडद्यावाचून काही नव्हते. त्यामुळे भिंगाची बैठक फिल्मपासून २८.८ मिलिमीटरांवर ठेवता आली. १९५४ च्या एम३ मध्ये हे अंतर २७.८ झाले, एक मिलिमीटर जाडीचे कडे लावताच आट्यांची जुनी भिंगे त्यावर चालू लागली. या मोकळ्या जागेचा लाभ रुंद कोनाच्या भिंगांनी पुरेपूर घेतला. लुडविग बर्टेले यांनी झाइससाठी रचलेल्या बायोगॉनची मागची काच तर फिल्मच्या अगदी निकट पोचते.

एसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाशच आरशावरून डोळ्यापर्यंत जातो. जे दिसते तेच टिपले जाते, हा त्याचा थोर गुण. परंतु आरशाला उचलायला जागा हवी. म्हणून १९५९ च्या निकॉन एफमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर ठरले, तर १९८७ च्या कॅनन ईओएसमध्ये ४४. पुढे फिल्म गेली, संवेदक आला. आरसा मात्र राहिला. १९९९ चा डिजिटल निकॉन डी१ तेच ४६.५ मिलिमीटर घेऊन जन्माला आला.

आता हिशेब करू. लायका एमचे भिंग निकॉनवर चढवले तर ते १८.७ मिलिमीटर अधिक पुढे राहते. ५० मिलिमीटरांचे भिंग इतके पुढे सरकले की त्याला दूरचा डोंगर दिसेनासा होतो; वीतभर अंतरावर धरलेले फूल तेवढे स्पष्ट उमटते. कड्याने अंतर वाढवता येते, घटवता येत नाही. कड्यात अंतर्गोल भिंग घातले तर डोंगर पुन्हा दिसतो, पण मूळ रचनेचा तोल ढळतो. लाइट्झने व्हिझोफ्लेक्स या आरशाच्या जोडपेटीसाठी आखलेली लांब भिंगे तेवढी एसएलआरवर सुखाने चालतात. आरशाची जागा त्यांच्या हिशेबात आधीच धरलेली होती.

२००८ साली पॅनासॉनिकच्या जी१ ने आरसाच काढून टाकला. २०१३ च्या सोनी ए७ मध्ये संवेदक २४ बाय ३६ चा आणि अंतर अवघे १८ मिलिमीटर. आता ९.८ मिलिमीटरांचे साधे कडे पुरले! अडचणी सर्वस्वी संपल्या असे नव्हे. रुंद कोनाच्या जुन्या भिंगांचे तिरपे किरण संवेदकावरील काचेतून जाताना विस्कटतात आणि चित्राचे कोपरे पुसट होतात. तरीही अर्धशतकापूर्वीची कितीतरी भिंगे पुन्हा कामाला लागली.

कालबाह्य म्हणून एखादी वस्तू आपण किती सहज अडगळीत टाकतो! या भिंगांची काच तीच होती, कसबही तेच होते. वाट शेजारच्या आरशाने अडवली होती. वस्तूला निकामी ठरवण्याआधी तिची वाट कोणी अडवली आहे, हे मोजून पाहावे, एवढेच आम्हांला या इतिहासावरून सांगावेसे वाटते.