शलाका आणि रुग्णपत्र

दक्षिणेतील मराठ्यांच्या इतिहासात बंगळूरचे नाव येते ते बहुधा जहागिरीच्या संदर्भात. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडाकडून हे ठाणे घेतले व पुढे ते शहाजीराजांकडे आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५च्या सुमारास बंगळूरहून दक्षिणेस उतरून तंजावरचे राज्य हस्तगत केले. या शाखेची कीर्ती संगीत, नाट्य व ग्रंथसंग्रह यांसाठी आहे. तिच्याच दरबारात दीडशे वर्षांनंतर नेत्रशस्त्रक्रियेच्या नोंदी ठेवल्या गेल्या, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

या नोंदींचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूवरील शस्त्रकर्माचे वर्णन आहे. त्यासाठीची शलाका आठ अंगुळे लांब, मध्ये सूत गुंडाळलेली, दोन्ही टोकांना कळीच्या आकाराची आणि तांबे, लोखंड किंवा सोने यांची असावी, असे तेथे सांगितले आहे. त्याहून लक्षणीय आहे ती सदोष शलाकेची मीमांसा. खरबरीत शलाकेने वेदना होतात, जाड अग्राच्या शलाकेने व्रण मोठा होतो, अतितीक्ष्ण शलाका डोळ्याला अनेक प्रकारे इजा करते. हत्याराच्या प्रत्येक दोषाला रुग्णाच्या देहावरील परिणामाशी जोडणारी ही परीक्षा अनुभवावाचून लिहिली गेली नसावी. परंतु तो अनुभव कोणत्या रुग्णांचा, हे ग्रंथ सांगत नाही. सूत्ररूप ज्ञान उरले. ज्यांच्या डोळ्यांनी ते दिले, ती माणसे विस्मृतीत गेली.

शलाकेने अपारदर्शक भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारले जाई. ते डोळ्यातच राही. १७४७ मध्ये फ्रेंच शल्यविशारद झाक दाव्हिएल याने छेद घेऊन भिंग बाहेर काढण्याची रीत आरंभिली आणि तिच्यासाठी नवी हत्यारे आली. डोळा बधिर करणारे कोकेन १८८४ पर्यंत उपलब्ध नव्हते. त्यामुळे हत्यार जुने असो वा नवे, त्याची कसोटी जाग्या माणसाच्या उघड्या डोळ्यावरच लागत असे.

अशा काळात सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) तंजावरच्या गादीवर होते. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि किल्ला व आसपासचा मुलूख एवढीच सत्ता राजाकडे उरली. राजाने आपली शक्ती विद्येकडे वळवली. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला, देवनागरी छापखाना काढला आणि धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य वैद्यक यांना एकत्र आणले. इंग्रज डॉक्टर मॅकबीन यांचे साहाय्य नेत्रचिकित्सेत लाभले. राजा स्वतः शस्त्र हाती घेत असे, असे परंपरा सांगते.

या परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र रुग्णपत्रांपाशी अधिक थांबावे. त्यांत रुग्णाची माहिती, व्याधीचे स्वरूप व केलेले उपचार नोंदलेले असून डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. गादीवरचा राजा आणि उपचारासाठी आलेला सामान्य माणूस यांची गाठ या कागदांवर पडते. सुश्रुताच्या ग्रंथात जो रुग्ण दिसत नाही, तो येथे दिसतो. नव्या हत्याराचे व नव्या रीतीचे यश शस्त्रवैद्याच्या कीर्तीवरून ठरवायचे की रुग्णाच्या डोळ्यावरून, या प्रश्नाचे उत्तर अशा कागदांतूनच मिळू शकते.

पुढील इतिहासही हेच सांगतो. १९४९ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले, तेव्हा अनेक नामांकित नेत्रवैद्यांनी त्यांना विरोध केला. आरंभीच्या रुग्णांत उपद्रवही झाले. भिंगात सुधारणा होत गेल्या, रुग्णांच्या परिणामांची वर्षानुवर्षे छाननी झाली, आणि मगच ही रीत सर्वमान्य ठरली. आज बंगळूरच्या रुग्णालयांत काही मिलिमीटरच्या छेदातून असे भिंग बसवले जाते. एकोजींनी मागे सोडलेल्या या शहरातील आजच्या शस्त्रवैद्याला सरफोजींच्या दरबारातील हत्यारे कदाचित ओबडधोबड वाटतील; रुग्णपत्राची शिस्त मात्र त्याला परकी वाटणार नाही.