समुद्रातील तेलगळती: आरोग्यावर परिणाम आणि घ्यायची काळजी

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रामधून सुमारे 800 टन तेल समुद्रात सांडले. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, त्यांतील काहींमध्ये कीटकनाशके होती. तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आणि खारफुटीत पोहोचले. मासेमारी थंडावली आणि लोकांनी मासे खाणेच सोडले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2011 मध्ये, एमव्ही रॅक हे कोळशाचे जहाज मुंबईजवळ बुडाले आणि पुन्हा तेलाचा तवंग पसरला.

तेल शरीरात कसे जाते?

श्वासातून, त्वचेतून आणि अन्नातून. ताज्या गळतीत बेंझिन, टोल्युइनसारखे घटक वाफ होऊन हवेत मिसळतात. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस वाफेचा त्रास सर्वाधिक असतो. नंतर उरते ते घट्ट, चिकट तेल. पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारे काळे डांबरगोळे हे त्याचेच रूप.

लक्षणे

- डोकेदुखी, चक्कर, मळमळ
- डोळ्यांची आग, घसा खवखवणे, खोकला
- त्वचेवर लाली, खाज, पुरळ
- दम्याच्या रुग्णांना धाप

स्पेनजवळ 2002 मध्ये प्रेस्टीज जहाज बुडाले. तेव्हा सफाई करणाऱ्या मच्छीमारांमध्ये श्वसनाच्या तक्रारी वर्ष-दीड वर्षानंतरही जास्त आढळल्या. म्हणून रोज मिळतो म्हणून उघड्या हातांनी तेल उपसू नका. हातमोजे, गमबूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मागून घ्या. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. गरोदर स्त्रिया, मुले आणि दमेकरी यांनी या कामापासून लांब राहावे. वाहून आलेले कंटेनर किंवा पिंपे उघडू नका.

मासे खावेत का?

गळती झालेल्या भागातील मासळी प्रशासन सुरक्षित म्हणेपर्यंत टाळा. मासा तेलातील घातक घटक शरीरातून बऱ्यापैकी लवकर बाहेर टाकतो. तिसऱ्या, कालवे, शिंपल्या यांच्यात मात्र ते साठून राहतात. रॉकेलसारखा वास येणारी मासळी टाकून द्या. शिजवल्याने किंवा तळल्याने हे घटक जात नाहीत. शहापूर-मुरबाडकडे आठवडी बाजारात येणारे सुके बोंबील आणि सुकट गळतीच्या आधी वाळवलेले असतील, तर त्यांना या गळतीचा धोका नाही. सरसकट सगळी मासळी बंद करण्याची गरज नसते.

प्रथमोपचार

- त्वचा: तेल कापडाने पुसा, खोबरेल तेल लावून सैल करा, मग साबण-पाण्याने धुवा. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसू नका. माखलेले कपडे लगेच बदला.
- डोळे: स्वच्छ पाण्याने 15 मिनिटे धुवा. चोळू नका.
- वाफेने चक्कर: रुग्णाला मोकळ्या हवेत न्या.
- पोटात गेल्यास: उलटी करवू नका. उलटीबरोबर तेल फुप्फुसात शिरले तर न्यूमोनिया होतो.

हा शेवटचा नियम समुद्रापासून दूर असलेल्यांसाठीही तितकाच महत्त्वाचा. शेणव्याच्या परिसरातील एखाद्या पाड्यावर लहान मूल बाटलीतले रॉकेल प्यायले, तर मीठ-पाणी किंवा दूध पाजून उलटी काढू नका. मूल वरवर ठीक दिसले तरी लगेच रुग्णालयात न्या. रॉकेल पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका. महामार्गावर इंधनाचा टँकर उलटला, तर कॅन घेऊन धावू नका. एका ठिणगीने सगळे पेट घेऊ शकते. लांब थांबा आणि 112 वर कळवा.

मनावरचा ताण

1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझच्या गळतीनंतर तिथल्या लोकांमध्ये चिंता आणि नैराश्य वाढल्याचे दिसले. होड्या किनाऱ्याला लागून राहतात, मासळी विकणाऱ्या बाईची पाटी रिकामी राहते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी बीपी आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नका, त्या सरकारी रुग्णालयातून घ्या. झोप उडाली, दारू वाढली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोला.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

धाप लागणे, सतत खोकला, गुंगी, वारंवार उलट्या, अंधुक दिसणे किंवा त्वचेवर फोड दिसल्यास वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करा. तेलाशी संपर्क कधी आणि किती वेळ आला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपचार ठरवताना ही माहिती फार उपयोगी पडते.