मातीचा किल्ला आणि लाकडी तलवार

वसंतातील व्याख्यानांचे हे दिवस आणि वसईच्या विजयाचे दिवस एकच आहेत. १६ मे १७३९ रोजी वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी शरणागतीची कलमे मान्य केली आणि २३ मे रोजी किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन झाला. तेव्हा या गावात इतिहासावर कोणी बोलू लागला की श्रोत्यांची अपेक्षा चिमाजी अप्पांच्या मोहिमेचीच असते, आणि ती रास्तही आहे. परंतु आज आम्ही त्या मोहिमेकडे जरा आडवाटेने जाणार आहोत. दिवाळीत अंगणात उभा राहणारा मातीचा किल्ला, पोरांच्या कमरेला खोचलेली लाकडी तलवार आणि अलीकडे घरोघरी दिसणारे जोडखेळांचे डबे, हा आमचा विषय. विषय पोरकट वाटेल. पण मुलाच्या हातातील खोटी बंदूक पाहून हे बरे की वाईट, असा विचार ज्या आईबापांच्या मनात एकदा तरी येऊन गेला असेल, त्यांना तो तसा वाटणार नाही.

प्रथम खोट्या शस्त्रांचे पाहू. खरे शस्त्र हाती देण्यापूर्वी खोटे द्यावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. तालमीत तलवारीच्या आधी फरीगदका शिकवीत. गदका म्हणजे चामड्याने मढविलेली काठी आणि फरी म्हणजे लहानशी ढाल. घोडेस्वाराला भाला चालविण्याची सवय व्हावी म्हणून बोथाटी असे. लांब काठीच्या टोकाला पात्याऐवजी कापडाचा गोळा बांधलेला. लेझीम हे आज आपण शाळेच्या संचलनातील वाद्य समजतो. पण मूळचे लेझीम म्हणजे दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले सरावाचे धनुष्य. त्याने बाण सुटत नसे. ओढणाऱ्याच्या दंडात बळ तेवढे येई. धनुष्यबाणाचा काळ मागे पडला आणि साखळीचा नाद मात्र आपल्या मिरवणुकीत राहिला. या तिन्ही साधनांत एक गोष्ट समान आहे. शस्त्रातील इजा जाणूनबुजून काढून टाकलेली आहे आणि कसब मागे ठेवलेले आहे. शिवाय त्यांच्यामागे वस्ताद उभा होता, आखाड्याचे नियम होते. पडलेल्यावर वार करायचा नाही, हे तेथे तलवारीच्या आधी शिकावे लागे.

वस्तादाविना चालणारी शस्त्रशाळाही होती, ती वाडीत. वसईच्या वाड्यांतून माड आणि केळी यांना तोटा नव्हता. माडाच्या झावळीचा रुंद बुडखा तासला की तलवार, केळीचे सोपट वाळवून दुमडले की म्यान. बांबूच्या पेराची नळी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना एकेक हिरवे फळ घट्ट बसवावे आणि मागचे फळ काठीने जोरात आत रेटावे. मधली हवा दाबली जाते आणि पुढचे फळ फट्ट आवाज करून उडते. हवा दाबली की ती बळ धरते, हा पदार्थविज्ञानाचा धडा पुस्तक उघडण्याच्या आधीच पोरांच्या हाती येई. आणि नळी फुटली तर दुसरी पाहावी लागे, जाडी मोजावी लागे, पेर जपून कापावे लागे. शस्त्र खोटे, पण कारागिरी खरी.

आता किल्ल्याकडे वळू. दिवाळीची सुट्टी लागली की दगड-विटांचा ढीग, त्यावर भिजविलेले गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, पायथ्याशी वाघाची गुहा, शिखरावर सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज आणि वाटेवर कुंभाराकडून आणलेले मावळे, हा थाट महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचा आहे. वसईतही तो आहे. पण येथे आम्हाला एक गंमत दिसते. ज्या गावात प्रत्यक्ष एवढा मोठा किल्ला उभा आहे, त्या गावची मुलेही अंगणात बहुधा डोंगरी किल्लाच रचतात. कारण उघड आहे. ढिगाचा डोंगर सहज होतो; वसईचा किल्ला सपाटीवरचा, त्याला आराखडा लागतो.

तो एकदा करून पाहावा, अशी आमची मुलांना सूचना आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे त्यांनी येथे तटबंदीचे शहर वसविले. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी, पूर्वेस दलदल. सैन्याला पाय रोवायला जागा काय ती उत्तरेकडे. बुरूज तटाबाहेर कोन काढून आलेले. हे कोन शोभेसाठी नाहीत. मातीचा तट रचून एका बुरुजापासून दुसऱ्याच्या पायथ्यापर्यंत दोरा ताणून पाहावा, म्हणजे कळते की प्रत्येक बुरूज शेजारच्या बुरुजाच्या तळाची राखण करतो. तटाखाली येणाऱ्या माणसाला लपायला आडोसाच उरत नाही. हे पुस्तकात वाचून समजायला वेळ लागतो. दोरा ताणला की क्षणात समजते.

आणि हे समजले म्हणजेच १७३९ चा वेढा समजतो. मोहीम १७३७ साली सुरू झाली, ठाणे त्याच वर्षी हाती आले, पण वसई पुरी दोन वर्षे दाद देईना. समुद्राकडून मानाजी आंग्र्यांचे आरमार, जमिनीवर मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार, आणि तरीही तट उभाच. शेवटी उत्तरेकडून मोर्चे पुढे सरकवीत तटाखाली सुरुंग खणले गेले. मे महिन्याच्या पूर्वार्धात ते उडाले. कोणता सुरुंग वेळेवर उडाला, कोणता मागाहून उडून आपल्याच माणसांवर कोसळला. सेंट सेबॅस्टियनचा बुरूज फुटला तेव्हा वसईचे भवितव्य ठरले. मराठ्यांची हजारो माणसे या मोहिमेत कामास आली. मातीच्या किल्ल्यावर मावळा आडवा पडला तर मूल त्याला पुन्हा उभा करते. त्या मेमध्ये पडलेले पुन्हा उठले नाहीत. खेळ आणि इतिहास यांतील हा फरक मोठ्यांनी मुलांना केव्हातरी सांगितला पाहिजे. तो सांगण्याला किल्ल्याच्या कडेसारखी दुसरी जागा नाही.

आता परदेशाकडे थोडी नजर टाकू. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी या गृहस्थाने आपल्या मुलांसाठी भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांचा खेळ तयार केला आणि १९०१ साली त्याचे पेटंट घेतले. भोकांमधील अंतर सर्वत्र अर्धा इंच, म्हणून कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला बसे. पुढे हा खेळ मेकॅनो या नावाने जगभर गेला. त्याचीच पुढची हकीकत अशी की, १९३४ च्या सुमारास मँचेस्टर येथे डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी याच पट्ट्या वापरून अवघड गणिती समीकरणे सोडविणारे यंत्र उभे केले. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला; त्याच्याच कारखान्यातून १९५८ साली लेगोची आजची वीट निघाली. आठ गुंड्यांच्या सहा सारख्या विटा ९१ कोटींहून अधिक प्रकारांनी जोडता येतात, असा गणितज्ञांचा हिशेब आहे. या कारखान्याने १९७८ साली तलवारी आणि भाले घेतलेल्या शिलेदारांसह पिवळा किल्ला विकावयास काढला. मात्र आजच्या युद्धांतील हुबेहूब हत्यारे आपण करणार नाही, असे धोरण ठेवले. तरीही मुले त्याच विटांतून बंदुका जोडतातच. कारखान्याने डब्यात न घातलेली वस्तू मुलाने स्वतःच्या डोक्याने काढावी, याला काय म्हणावे?

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. बाजारातून आणलेली आणि फक्त चाप ओढावयाची बंदूक मुलाला एकच गोष्ट करू देते. स्वतः जोडलेली बंदूक त्याला आधी दहा गोष्टी करावयास लावते, आणि जोडता जोडता बहुधा तिचे विमान होते नाहीतर क्रेन. म्हणून मुलाच्या हाती हत्यार दिसले एवढ्यावरून घाबरू नये. भीती वाटावी ती दुसऱ्या गोष्टीची. त्याच्या खेळात किल्ल्याच्या आतला माणूस कोण आहे, हे त्याला ठाऊक आहे काय?

वसईत या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. १७३९ च्या कलमांनुसार किल्ल्यातील शिबंदीला हत्यारांसह, नगारे वाजवीत, मानाने बाहेर पडू दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना त्यांच्या धर्माची मोकळीक मिळाली. दोन वर्षांच्या रक्तपातानंतर जिंकणाऱ्याने हे मान्य केले. ते लोक मागे राहिले, म्हणूनच आज आपल्या शेजारच्या आळीत नाताळला गोठा सजतो. तो सजविणाऱ्या मुलांचे सामान पाहा: माती, दगड, गोणपाट, वाळके गवत, उगविलेली हिरवळ, मातीच्या मूर्ती. दिवाळीच्या किल्ल्यात जे, तेच. इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेथून ती चाल निघाली असे मानतात. आपली चाल सह्याद्रीच्या गडांवरून आली. वसईत दोन्ही एकाच मातीत उतरतात. दिवाळीत उरलेली माती नाताळला शेजाऱ्याच्या गोठ्यासाठी गेली, तर १७३९ च्या त्या कलमांचा मान आपण आजही राखला असे होईल.

पण माती उरेल तेव्हा ना! वाड्या गेल्या, इमारती आल्या. २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. गाव वाढले आणि अंगण आटले. आता प्लॅस्टरचा तयार किल्ला दुकानात मिळतो आणि गॅलरीत ठेवता येतो. तो ठेवू नये असे आम्ही म्हणत नाही. इतकेच म्हणतो की इमारतीच्या आवारात कोपऱ्याची चार हात जागा दरवर्षी आठ दिवस मुलांना द्यावी. चिखल होईल, तो सोसावा. त्या जागेत एकदा तरी त्यांनी वसईचा किल्ला रचावा, सुटीत खऱ्या तटावर जाऊन बुरूज मोजून यावेत आणि उत्तरेच्या बाजूला फुटलेला बुरूज दाखवावयास विसरू नये. मुलांनी हाक मारली की मोठ्यांनी खाली उतरून तो किल्ला पाहावा, आणि आत कोण होते, बाहेर कोण होते, हे दोन्ही त्यांना सांगावे.