देवळालीचा ताप

आळ्यात रेड्याच्या समाधीला हात जोडा आणि गाडीत चढा. साल १९०५, चैत्र चालू आहे. मागे छावणीच्या घोड्यांसाठी कडब्याच्या पेंढ्या रचल्या आहेत. आज आळेफाट्यावर सकाळी एसटी धरली की दुपारपर्यंत नाशिक येतं. तुम्हाला मात्र चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर असे मुक्काम करत देवळाली गाठायची आहे.

गोऱ्यांची ही छावणी १८६१ सालापासूनची. विलायतेहून आलेले शिपाई मुंबईला उतरून इथे येतात, आणि मुदत संपलेले इथूनच घरी जातात. तुम्ही पेंढ्या उतरवताय तेव्हा बराकीच्या ओट्यावर बसलेत ते मुदत संपलेले. हातात बंदूक नाही, कवायत नावापुरती. पलटणी नेणारी जहाजं थंडीच्या मोसमातच सुटतात आणि या वर्षीचं शेवटचं जहाज निघून गेलंय. आता पावसाळा सरेपर्यंत थांबायचं. तोवर ऊन, डास, दारू आणि रिकामे दिवस.

तांबूस केसांचा एक जण तुमच्या बैलाच्या मानेवर हात ठेवून कितीतरी वेळ त्याच्याशी बोलत राहतो. शब्द कळत नाहीत, पण आवाजातली घराची ओढ कळते. दुसरा शिपाई कपाळाला बोट लावून म्हणतो, “डुलॅली टॅप.”

तुम्ही चमकता. पहिला शब्द म्हणजे देवळाली. आणि दुसरा आपला रोजचा ताप, मराठीतला आणि हिंदुस्थानीतलाही.

फ्रँक रिचर्ड्स हा शिपाई त्याच दशकात हिंदुस्थानात चाकरीला होता. ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ च्या पुस्तकात त्यानं या छावणीबद्दल लिहिलं: नोकरीभर नीट वागलेली माणसंही इथल्या ताटकळण्यात बिघडत, काही तुरुंगात जात. त्याआधीच, १९२५ साली, सैनिकी बोलीच्या एका इंग्रजी कोशात ‘डुलॅली टॅप’ हा शब्द नोंदला गेला होता. पुढे ‘टॅप’ गळालं. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रज नुसतं ‘डुलॅली’ म्हणू लागले, तेही हसत.

देवळालीची हवा इतकी चांगली की पुढे लोक तिथे प्रकृती सुधारायला जाऊ लागले. त्या गावाचं नाव वेडाला चिकटलं, याचा दोष राज्यकर्त्यांचा. चाकरी संपलेल्या माणसाला वेळेवर घरी पोचवायची सोय त्यांनी केली नाही. इंग्रजी कादंबरीत ‘डुलॅली’ आला, तर ओट्यावर बसलेली ती माणसं आठवा.