विस्मरणाची धास्ती

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. तींत थट्टा आहे खरी. परंतु ज्याची साठी उलटली त्याला तिचा कांटा सलतोच. चष्मा कोठें ठेवला हें आठवेना, परिचिताचें नांव ओठांवर येऊन अडलें, कीं मनांत पाल चुकचुकते. ही धास्ती जुनीच आहे. मात्र कालमानाप्रमाणें तिचें स्वरूप पालटत आलें आहे.

इ. स. पूर्वी ४४ मध्यें रोमन वक्ता सिसेरो यानें वार्धक्यावर एक संवाद लिहिला, तेव्हां तो स्वतः ६२ वर्षांचा होता. ८४ वर्षांच्या केटोच्या मुखानें तो सांगतो कीं, आपलें धन कोठें पुरलें हें विसरलेला म्हातारा अद्याप ऐकिवांत नाहीं. ज्याविषयीं आस्था असते तें वृद्धांच्या ध्यानांत राहतेंच. याच ग्रंथांत नाटककार सोफोक्लीजची कथा येते. बुद्धिभ्रंशामुळें घरचा कारभार याच्या हातीं राहूं नये, अशी फिर्याद त्याच्या मुलांनीं केली. त्यानें नुकतेंच रचलेलें नाटक न्यायाधीशांना वाचून दाखविलें व तो निर्दोष सुटला. कथेच्या सत्यतेविषयीं पंडितांना शंका आहे. पण वृद्धाचें भय तींत स्पष्ट दिसतें. तें विस्मरणाचें नव्हे, तर अधिकार व मान गमावण्याचें आहे.

या भयाला रोगाचें नांव मिळालें तें विसाव्या शतकांत. आलोइस आल्झायमर यानें १९०१ सालीं फ्रँकफुर्ट येथें ५१ वर्षांच्या एका स्त्रीला तपासलें. तिच्या मृत्यूनंतर मेंदूंत आढळलेले विकार त्यानें १९०६ मध्यें विद्वानांपुढें मांडले. १९१० सालीं क्रेपेलिन यानें आपल्या ग्रंथांत त्या व्याधीस आल्झायमरचें नांव दिलें. पुढें कित्येक वर्षें तें नांव प्रौढ वयांतील रोग्यांपुरतेंच राहिलें. वृद्धांचा बुद्धिभ्रंश वयाच्या माथीं मारला जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही भिंत ढासळली. संशोधनास त्यानें चालना मिळाली. पण हरवलेली किल्लीहि अपशकुनासारखी भासूं लागली.

म्हणूनच क्राल या वैद्यकशास्त्रज्ञानें १९६२ सालीं केलेला भेद मोलाचा वाटतो. लग्नास गेल्याचें स्मरतें, पण यजमानाचें नांव आठवत नाहीं व तें मागाहून सुचतें, हें एक विस्मरण. आपण लग्नास गेलों होतों हेंच पुसलें जाणें, हें निराळें. पहिल्यानें घाबरूं नये; दुसरें दिसल्यास वैद्यास दाखविण्यांत दिरंगाई करूं नये, कारण कांहीं वेळां थायरॉइडसारखें उपचारसाध्य कारणहि मुळाशीं असतें. उभय प्रसंगीं घरच्यांनीं थट्टा मात्र आवरावी. ज्याला हंसतात तो आपलें विस्मरण लपवूं लागतो, आणि लपविलेल्या दुखण्यावर उपचार व्हावा कसा?