सर्व्हरला जादा हार्ड डिस्क जोडताना: पार्टिशन, फॉरमॅट आणि माउंट

जुन्या पीसीवर उबुंटू किंवा डेबियन टाकून घरगुती सर्व्हर चालवणाऱ्या बऱ्याच जणांकडे एखादी ४ टीबीची डिस्क पडून असते. ती जोडणं तसं पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण यात दोन चुका महागात पडतात. एकीत डेटा जातो, दुसरीत सर्व्हर सुरूच होत नाही. दुसरी मी स्वतः केली आहे. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.)

आधी डिस्क ओळखा

लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतो. ही नावं कायमची नसतात. डिस्क ज्या क्रमाने सापडतात तशी ती मिळतात, त्यामुळे आजची एसडीबी उद्या रीबूटनंतर एसडीए होऊ शकते. म्हणून नावावर भरवसा ठेवू नका. डिस्क बसवण्याआधी तिच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा आणि 'एलएसबीएलके' कमांडला साइज, मॉडेल, सीरियल हे रकाने दाखवायला सांगून सीरियल नंबर जुळवा. ४ टीबीची डिस्क तिथे ३.६ टी दिसेल. फसवणूक नाही हो, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि ही कमांड १०२४ च्या.

डिस्क आधी वापरलेली असेल तर ती फक्त वाचण्यापुरती माउंट करून आत काय आहे ते बघून घ्या. पुढच्या पायरीनंतर हळहळून उपयोग नाही.

पार्टिशन

मी 'एफडिस्क' वापरतो, कारण त्यात डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. गडबड वाटली तर क्यू दाबून बाहेर पडायचं. 'पार्टेड' मात्र प्रत्येक आज्ञा तिथल्या तिथे अमलात आणतो. आत गेल्यावर जी दाबा म्हणजे नवं जीपीटी टेबल तयार होतं. जुनी एमबीआर पद्धत ५१२ बाइटच्या सेक्टरवर सुमारे २.२ टीबीपर्यंतच पोचते, उरलेली जागा वाया जाते. मग एन, प्रश्नांना नुसतं एंटर, पी दाबून एकदा तपासायचं आणि शेवटी डब्ल्यू.

फॉरमॅट

'एमकेएफएस डॉट ईएक्सटी४' ही कमांड पार्टिशनवर चालवा, म्हणजे एसडीबीवर नाही तर एसडीबी१ वर. ईएक्सटी४ नेहमी ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. सिस्टिमच्या डिस्कवर ते योग्यच आहे, पण ४ टीबीच्या डेटा डिस्कवर २०० जीबी अडकतात. डॅश एम १ दिलं की हे प्रमाण १ टक्क्यावर येतं.

माउंट, आणि माझी चूक

कायमच्या माउंटसाठी ईटीसीमधल्या एफस्टॅब फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते. मावसभावाच्या साताऱ्यातल्या दुकानात सर्व्हर लावला तेव्हा मी त्या ओळीत सरळ एसडीबी१ लिहून मोकळा झालो. काही महिन्यांनी त्या डिस्कची केबल ढिली झाली, त्यात वीज जाऊन आली. सिस्टिम दीड मिनिट डिस्कची वाट बघत बसली आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये गेली. नेटवर्क नाही, स्क्रीन जोडलेला नाही. पुण्याहून मांडीवर मॉनिटर घेऊन एसटीने गेलो. कामाला लागली दोन मिनिटं.

तेव्हापासून त्या ओळीत 'बीएलकेआयडी' कमांडने मिळणारा यूयूआयडी लिहितो. तो फाइलसिस्टिमचा असतो, केबल कुठेही लावली तरी बदलत नाही. डिफॉल्ट्सच्या पुढे स्वल्पविराम देऊन 'नोफेल' हा पर्याय टाकतो. मग डिस्क सापडली नाही तरी सर्व्हर सुरू होतो. ओळीच्या शेवटी ० आणि २.

नोफेलची एक गोम आहे. डिस्क माउंट झाली नाही तरी माउंट पॉइंटचं फोल्डर असतंच, आणि रात्रीचा बॅकअप बिनबोभाट त्यात, म्हणजे सिस्टिमच्या डिस्कवर, लिहीत सुटतो. ती भरली की सगळंच ठप्प. यावर उपाय म्हणजे माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएचएटीटीआर' अधिक आय चालवायचं. मग डिस्क नसताना रूटलासुद्धा तिथे फाइल टाकता येत नाही. फोल्डर मात्र खरोखर रिकामं हवं, कारण आधीच्या फाइली माउंटखाली झाकल्या जातात.

ओळ लिहिल्यावर लगेच रीबूट करू नका. 'सिस्टिमसीटीएल' डेमन-रिलोड, मग 'फाइंडएमएनटी' डॅश-डॅश व्हेरिफाय, मग 'माउंट' डॅश ए. तिन्ही बिनतक्रार चालल्या, तरच मशीनजवळ असताना एकदा रीबूट करून बघा.

डिस्क दिसते पण फाइल टाकता येत नाही, असं झालं तर घाबरू नका. नव्या फाइलसिस्टिमची मालकी रूटकडे असते. 'सीएचओन'ने ती आपल्या यूजरकडे घ्या, पण माउंट झाल्यावर. आधी केलंत तर ती खालच्या झाकलेल्या फोल्डरला लागेल.