आठ की सोळा? देवडीकरांच्या मधमाशी-संशोधनाचा मागोवा

धारूरच्या आसपासच्या बालाघाटी रानात काटेरी झुडपाच्या फांदीवर फुलोरी माशीचे एकपदरी, उघडे पोळे असते. या इवल्या माशीच्या पेशीत गुणसूत्रे किती, यावर पुण्यातील संशोधकांनी 1966 साली दिलेले उत्तर पुढे चुकीचे ठरले. ते उत्तर कसे आले आणि कसे दुरुस्त झाले, हे छापील शोधनिबंधांवरून बऱ्याच अंशी जुळवता येते.

डॉ. जी. बी. देवडीकर हे मूळचे वनस्पतींच्या पेशींचे अभ्यासक. प्रा. शं. पु. आघारकरांनी 1946 साली पुण्यात उभारलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांनी काम केले आणि 1960 साली आघारकरांच्या निधनानंतर संस्थेची धुरा सांभाळली. मधमाशीकडे ते फुलांच्या वाटेने आले, याचा पुरावा 1953 चा आहे. त्या वर्षी देवडीकर आणि सी. व्ही. ठकार यांनी महाबळेश्वरच्या डोंगरांतील प्रमुख मधुवनस्पतींच्या परागांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

गुणसूत्रांच्या मोजणीशी जोडलेला मधमाशीच्या लिंगभेदाचा प्रश्न मात्र त्याहून जुना. फलन न झालेल्या अंड्यातून नर निपजतो, हे सायलेशियातील धर्मगुरू यान झिएरझोन यांनी 1845 साली मांडले. पुढे पेशीविज्ञानाने त्याला आकड्यांचा आधार दिला: युरोपीय माशीच्या नरात 16 गुणसूत्रे, राणी व कामकरीत 32. नराला बाप नसतो, म्हणून त्याच्याकडे आईकडून आलेला एकच संच असतो.

आपल्या माशांचे काय? 1959 साली भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्ताच्या 49व्या खंडात देवडीकर, ठकार आणि पी. एन. शाह यांचा निबंध आला. विषय होता सातेरी या भारतीय माशीच्या शरीरपेशींतील गुणसूत्रसंच आणि त्याचा उत्क्रांतीशी, वंशसंबंधांशी असलेला संबंध. 1966 साली ‘करंट सायन्स’मध्ये ठकार-देवडीकरांचे फुलोरीच्या गुणसूत्रसंख्येवरील टिपण प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते फुलोरीचा एकेरी संच 8 चा होता, म्हणजे सातेरीच्या 16 च्या निम्मा.

या आकड्यामागचा विचार समजून घेतला पाहिजे. वनस्पतींत संच दुप्पट होऊन नव्या जाती उपजतात. एकदाणी गव्हात 14, खपलीत 28 आणि पोळीच्या गव्हात 42 गुणसूत्रे असतात. अशा जगात वावरलेल्या अभ्यासकाला 8 आणि 16 ही जोडी दिसताच माशांतही संच दुणावला असावा, असे वाटणे स्वाभाविक होते. शिवाय मधमाशीची गुणसूत्रे अतिशय लहान. दोन चिकटून बसली तर काचपट्टीवर एकच दिसते.

1977 साली ‘अ‍ॅपिडोलॉजी’ या नियतकालिकात फारेनहॉर्स्ट यांचा निबंध आला. त्या वेळी मानल्या जाणाऱ्या मधमाशीच्या चारही जातींत, म्हणजे युरोपीय, सातेरी, आग्या आणि फुलोरीत, एकेरी संच 16 चाच असल्याचे त्यांनी दाखवले. संच दुणावल्याची कल्पना तिथे मागे पडली.

लिंगाचे गूढही केवळ संख्येत नव्हते. एका विशिष्ट जनुकाची दोन वेगळी रूपे एकत्र आली तर मादी होते. एकच रूप असेल तर नर, हे मॅकेन्सन यांच्या 1951 च्या प्रयोगांतून पुढे आले. दोन्ही प्रती एकसारख्या असल्या तर 32 गुणसूत्रांचाही नर बनतो, पण कामकरी माश्या तो अळी असतानाच खाऊन टाकतात, हे पोलंडच्या वॉयके यांनी 1963 साली सिद्ध केले. ते जनुक 2003 साली बाये आणि सहकाऱ्यांनी ओळखले. मधपाळाला याचे मोल रोकडे आहे: मोजक्याच वसाहतींत आपसांत प्रजनन होत राहिले की अळ्यांच्या घरांत रिकाम्या जागा पडतात आणि वसाहत दुबळी होते.

या साऱ्यावरून देवडीकरांविषयीचा निर्णय स्पष्ट आहे. त्यांचा आकडा चुकला, प्रश्न चुकला नाही. परदेशी माशीवरचे निष्कर्ष आपल्या माशांना आयते न लावता, त्या प्रत्यक्ष तपासायला त्यांनी घेतल्या आणि निष्कर्ष पडताळता येतील अशा रीतीने छापून ठेवले. त्यांच्या गौरवलेखांत ही चूक झाकू नये, आणि चुकीपायी त्यांचे नाव मराठी विज्ञानाच्या इतिहासातून गाळूही नये.